'आर्टिस्ट' आणि मेस्त्री

परकी राज्यें येतात आणि जातात. जातांना आपले कांहीं शब्द मागें ठेवून जातात. अशा शब्दांचे दोन वर्ग करतां येतात. टेबल, बटण, स्टेशन हे शब्द त्या त्या वस्तूंबरोबर आले. वस्तु नवी होती, म्हणून नांवही नवें घ्यावें लागलें. त्यांत वाद करण्यासारखें कांहीं नाहीं. दुसऱ्या वर्गांतले शब्द मात्र विचार करावयास लावतात. ज्या गोष्टी आपल्याकडे पूर्वापार चालत आल्या होत्या, त्यांवर हे शब्द बाहेरून येऊन बसले, आणि बसतांना त्यांनीं जुन्या नांवांची मांडणीच बदलून टाकली. 'आर्टिस्ट' हा अशांपैकीं एक शब्द होय. चित्रें काढणारे, मूर्ति घडविणारे, गाणारे, नाचणारे, सोंगें घेणारे लोक या देशांत इंग्रजांची वाट पाहत बसले नव्हते. मग हा शब्द आपणांस कां हवासा वाटला, आणि त्यानें कोणास वर चढविलें व कोणास खालीं उतरविलें, याचा थोडा हिशेब येथें मांडावयाचा आहे.

प्रथम शब्दाच्या माहेरची हकीकत पाहूं. लॅटिन भाषेंत 'आर्स' म्हणजे कोणतेंही कौशल्य. तें नाव हांकण्याचें असो कीं भाषण करण्याचें असो. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रज लोक 'आर्टिस्ट' हा शब्द विद्वानास लावीत, वैद्यास लावीत, रसायनें करणारासही लावीत. चित्रकाराची त्यावर खास मालकी नव्हती. ती प्रस्थापित झाली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत. १७६८ सालीं लंडनमध्यें रॉयल ॲकॅडमी स्थापन झाली, तेव्हां चित्रकार, शिल्पकार व वास्तुकार यांस तिचे सभासद होतां आलें. तांब्याच्या पत्र्यावर चित्र खोदून त्याच्या प्रती काढणाऱ्या कुशल माणसांस मात्र पूर्ण सभासदत्व नाकारण्यांत आलें. त्यांचें काम दुसऱ्याच्या कल्पनेची नक्कल करण्याचें, असा आक्षेप होता. 'आर्टिस्ट' आणि 'आर्टिझन' हे शब्द एकाच मुळापासून निघालेले. पण याच सुमारास त्यांचीं घरें वेगळीं झालीं. वांटणींत एकाच्या वांट्यास कल्पना आली आणि दुसऱ्याच्या वांट्यास हात. रेमंड विल्यम्स या टीकाकारानें १९७६ सालच्या 'कीवर्ड्स' या ग्रंथांत या वांटणीचा संबंध यंत्रयुगाशीं जोडला आहे. वस्तु बाजारासाठीं गिरण्यांतून निघूं लागल्या, तेव्हां बाजारापासून आपण निराळे आहों असें सांगणाऱ्या एका वर्गास स्वतःचें नांव हवें होतें, आणि तें त्यास मिळालें.

एकोणिसाव्या शतकांत इंग्रजीनें याच शब्दाचें फ्रेंच रूप पुन्हां एकदां उसनें घेतलें आणि तें गाणाऱ्या-नाचणाऱ्यांसाठीं राखून ठेवलें. लिहितांना दोहोंत एका अक्षराचा फरक, आणि प्रतिष्ठेंत मात्र एका पायरीचा. देवनागरींत हा फरक टिकला नाहीं. आपण दोघांसही 'आर्टिस्ट'च लिहितों. आपल्या लिपीनें नकळत केलेला हा न्याय पुढें कामास आला.

सारांश, हा शब्द मुंबई बंदरांत उतरला तेव्हां तो नुकताच कुलीन झालेला होता. आणि नव्यानें कुलीन झालेला मनुष्य सोंवळ्या-ओंवळ्याविषयीं अधिकच कडक असतो.

आतां आपल्याकडे वळूं. वात्स्यायनानें चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे, तींत गीत, वाद्य, नृत्य व आलेख्य यांच्याच पंक्तींत माळा गुंफणें, स्वयंपाक, सुतारकाम आणि वास्तुविद्या हीं बसलेलीं आहेत. ही पंक्ति पाहून, आपले पूर्वज हाताच्या कामास कमी लेखीत नसत, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरावा हें बरें. यादींतल्या कला एका पंक्तीस बसल्या, तरी त्या करणारीं माणसें एका पंक्तीस बसत नव्हतीं. नागरकानें हौसेखातर लांकूड तासलें तर ती कला, आणि सुतारानें पोटासाठीं तासलें तर तो जातीचा धंदा, हा भेद इंग्रजांनीं आणलेला नाहीं.

मराठींतल्या रोजच्या व्यवहारांत या सर्वांस मिळून एक असें नांवही नव्हतें. रंग भरणारा तो चितारी, गाणारा तो गवई, तबला वाजविणारा तो तबलजी. या तबलजींतला 'जी' आदराचा नव्हे. मशालजी आणि तोपची यांत धंदा दाखविणारा जो तुर्की प्रत्यय आहे, तोच हा. फारसीनें 'कारागीर' हा शब्द दिला, अरबीनें 'कसब' दिलें, आणि कसबाचा मूळ अर्थ कमाई असा आहे. म्हणजे माणूस काय करतो आणि कशावर पोट भरतो, एवढेंच हीं नांवें सांगत.

आजच्या अर्थाच्या सर्वांत जवळचा जुना शब्द म्हणजे 'कलावंत'. 'आईन-इ-अकबरी'त ध्रुपद गाणाऱ्यांचा वर्ग याच नांवानें नोंदलेला आहे. पुल्लिंगी शब्द असा बादशहाच्या दरबारांत मान पावत असतां त्याच्या स्त्रीलिंगी रूपाची काय गत झाली, तें पाहण्यासारखें आहे. कलावंत म्हणजे गुणी पुरुष. कलावंतीण म्हणजे नाचणारी बाई, आणि तो शब्द घरांत उच्चारावयाचा तर आवाज खालीं आणून. कसबी म्हणजे कुशल मनुष्य. कसबीण म्हणजे वेश्या. गुण तोच, पण तो स्त्रीच्या अंगीं दिसला कीं त्याचें नांव कलंकाचें होई.

आमच्या शेजारच्या गोमंतकांत तर 'कलावंत' हें एका संबंध समाजाचें नांव होऊन बसलें होतें. देवळांच्या सेवेंत गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांचीं हीं घराणीं. विद्या त्यांच्याकडे होती, आणि कलंकही त्यांच्याच माथीं होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत राजाराम रंगाजी पैंगीणकर यांच्यासारख्या सुधारकांनीं या समाजांत शिक्षणाची व स्वाभिमानाची चळवळ चालविली, आणि समाजानें 'गोमंतक मराठा समाज' हें नांव धारण केलें. ज्या समाजानें आपल्या प्रांतास इतकें गाणें दिलें, त्यास 'कलावंत' हाच शब्द आपल्या अंगावरून उतरवून ठेवावा लागला, ही गोष्ट आपण विसरतां कामा नये.

अशा वेळीं 'आर्टिस्ट' या परक्या शब्दानें खरा उपकार केला. त्याला लिंग नव्हतें, जात नव्हती, आणि आमच्या बोलण्यांतला पिढ्यान्‌पिढ्यांचा तो खालचा सूर त्यास लागलेला नव्हता. नभोवाणीच्या करारावर पुरुष गवई आणि बाई गाणारी यांस एकच नांव मिळूं लागलें. गोव्यांतल्या केरी गांवीं १८९२ सालीं जन्मलेल्या केसरबाई केरकर आणि त्यांच्या मागून बारा वर्षांनीं जन्मलेल्या मोगूबाई कुर्डीकर, या दोघी अल्लादिया खांसाहेबांच्या शिष्या. दोघींनाही पुढें पद्मभूषण मिळालें; आणि १९७७ सालीं, केसरबाई वारल्या त्याच वर्षीं, त्यांच्या भैरवीचें ध्वनिमुद्रण व्हॉयेजर यानांवरील तबकडींतून अंतराळांत गेलें. हें सारें एका शब्दाच्या जोरावर घडलें, असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. या दोघींची तपश्चर्या होती. शिवाय १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांसारख्यांनीं गाण्यास सभ्य समाजांत मान मिळावा म्हणून आयुष्य वेंचलें होतें. तथापि मान द्यावयाचा तर तो कोणत्या तरी नांवानें द्यावा लागतो, आणि जुनीं नांवें मळलेलीं होतीं. पुढें 'आर्टिस्ट'चा अर्थ अंगावर घेऊन 'कलावंत' हा शब्दही धुवून निघाला व सन्मानानें परत आला. आज एखाद्या बाईस कलावंत म्हटलें तर ती आनंदानें मान लववील; तिच्या पणजीनें तसें केलें नसतें.

ही जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू पाहावयाची तर मेस्त्र्याच्या पडवींत जावें लागेल.

कोंकणांत सुतारास मेस्त्री म्हणतात. कणकवली, कुडाळ, मालवण या भागांत तें आडनांवही आहे. शब्द पोर्तुगीज. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवा घेतला. त्यांच्या भाषेनें आपणांस मेस्त्रीही दिला आणि पगारही दिला. या मेस्त्र्याचें मूळ लॅटिन 'मागिस्तेर' या शब्दांत असून त्याचा अर्थ गुरु, अधिकारी, आपल्या विद्येंत पारंगत असा आहे. तोच लॅटिन शब्द पुढें इंग्रजीच्या वाटेनें 'मास्टर' होऊन आला. शाळेंत मुलांस शिकविणारे मास्तर त्याचेच. रंगभूमीवरील मास्टर दीनानाथ आणि मास्टर कृष्णराव यांच्या नांवामागचें बिरुद तेंच. आणि न्यायासनावरील मॅजिस्ट्रेटही त्याच कुळांतला. तालुक्याच्या कोर्टांतली खुर्ची घडविणारा आणि त्या खुर्चीवर बसणारा, हे शब्दकोशांत चुलत भाऊ आहेत. बाहेर त्यांचें नातें कोणी ओळखीत नाहीं.

मुंबईची कलाशाळा निघाली ती वस्तुतः या मेस्त्र्याच्या मुलासाठीं. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगींतून ती १८५७ सालीं सुरू झाली, तेव्हां देशी कारागिरांचें काम सुधारावें हा हेतु डोळ्यांपुढें होता. १८६५ सालीं आलेले जॉन लॉकवुड किपलिंग यांस येथील हस्तकौशल्याची मनापासून ओढ होती. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं विद्यार्थ्यांनीं १८७२ ते १८८५ या काळांत अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृति केल्या. परंतु परीक्षा, पदकें व प्रदर्शनें यांचा ओढा निराळ्या दिशेस होता. १८८८ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली. भिंतीवर टांगलेलें, चौकटींतलें, खालीं सही असलेलें चित्र हें 'आर्ट' ठरलें. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० सालीं या शाळेंत दाखल झाले. सोसायटीचें सुवर्णपदक त्यांनीं १८९५ सालीं मिळविलें, आणि पुढें शिक्षक म्हणून तेथेंच जन्म काढला. १९४० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींचें नांव 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' असें आहे. शाळेस मंदिर म्हणण्यांत भक्ति आहे, आणि ती खरी आहे. पण मंदिर म्हटलें कीं गाभारा आला. आणि गाभाऱ्यांत कोणी जावें व बाहेर मंडपांत कोणी थांबावें, हा प्रश्नही त्यामागोमाग आला.

हा प्रश्न एका माणसाच्या नांवांत जितका स्वच्छ दिसतो तितका ग्रंथांतून दिसत नाहीं. १८९० सालीं कोल्हापुरास बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म झाला. घरांत हस्तकौशल्याची परंपरा होती. कलाशाळेचें शिक्षण नव्हतें. बाबूराव व त्यांचे बंधु आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवूं लागले, आणि लोक त्यांस 'पेंटर' म्हणूं लागले. एक इंग्रजी धंद्याचें नांव अशा रीतीनें जुन्या आडनांवाच्या जागीं येऊन बसलें. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं पुढें दामल्यांच्या साहाय्यानें चित्रपटाचा कॅमेरा स्वतः बनविला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० सालीं 'सैरंध्री' आणि १९२५ सालीं 'सावकारी पाश' हे चित्रपट दिले. १९५४ सालीं ते निवर्तले, तेव्हां महाराष्ट्र त्यांस 'कलामहर्षि' म्हणून ओळखीत होता. मेस्त्री, पेंटर, कलामहर्षि: तिन्ही नांवांमागचा हात एकच. कॅमेऱ्याची पेटी जुळविणारें आणि पडद्यावर राजवाडा उभा करणारें कौशल्य मेस्त्र्याच्या घरांतलेंच होतें. परंतु मेस्त्री हें नांव ठेवून महर्षि होण्याची सोय आपल्या समाजांत नव्हती. वाटेंत एकदां तरी इंग्रजी नांव घ्यावें लागलें.

नांवाबरोबर दामाचेंही नांव बदलतें, हें व्यवहारी वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. सुतारास पूर्वीं बलुतें मिळे, आतां मजुरी मिळते. गवयास बिदागी मिळे. नाटकांतल्या नटास 'नाईट' मिळते. कलावंतास मिळतें तें मानधन. मजुरीचा भाव करतां येतो, तंटा करतां येतो, ती बुडाली तर चारचौघांत मागतां येते. मानधनाचा भाव करणें अशिष्ट समजतात. त्यामुळें पुष्कळदां मान पदरीं पडतो आणि धन मागें राहतें. तेव्हां 'कलावंत' म्हणवून घेण्यांत केवळ लाभच आहे असें नाहीं. परंतु मेस्त्र्याची हानि निराळी आहे. त्याच्या कामावर त्याचें नांव नसतें.

आमच्या सिंधुदुर्गांत हें रोज दिसतें. चतुर्थीपूर्वीं घरोघरचे पाट मूर्ति करणाराकडे पोंचते होतात. त्या जागेस आम्हीं गणपतीची शाळा म्हणतों. कोठें कोठें चित्रशाळा असेंही म्हणतात. मूर्तीखालीं कोणाची सही नसते. तिची गरजही नसते, कारण कोणत्या घरची मूर्ति कोणत्या हातची हें सबंध वाडीस ठाऊक असतें, आणि नेमलेल्या दिवशीं ती मूर्ति पाण्यांत जाते. जोंवर करणारा व घेणारा एकमेकांस ओळखतात, तोंवर निनांवी कामास अप्रतिष्ठा नाहीं. गिऱ्हाईक दूर गेलें, मध्यें व्यापारी आला, म्हणजे मात्र सही नसलेला हात स्वस्त होतो.

सावंतवाडीच्या चितारआळींतील हातांची हीच कथा आहे. दशावतारी गंजिफांच्या एका जोडांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचीं बारा पानें, मिळून १२० गोल पानें. तीं सर्व हातानें रंगवावयाचीं, वर लाखेचें रोगण चढवावयाचें. छापील पत्त्यांपुढें हा धंदा बसत चालला होता. १९७० च्या दशकांत शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनीं राजवाड्यांत हें काम पुन्हां चालू करविलें म्हणून तें आज दिसतें. कापडावर एक चित्र काढून खालीं सही करणारा तो आर्टिस्ट, आणि १२० पानें रंगविणारा तो कारागीर, ही विभागणी कौशल्याच्या मापानें केलेली नाहीं, हें उघड आहे. पिंगुळीचे ठाकर लोक चित्रकथी चालवितात. तेथें चित्र काढणें, तें दाखविणें, गाणें आणि कथा सांगणें हें सर्व एकाच परंपरेचें अंग आहे, आणि 'चित्रकथी' हा एकच शब्द त्या सर्वांस पुरतो. यांपैकीं परशुराम आत्माराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली, ती कलेच्या वर्गांत. सरकारदरबारीं पिंगुळीच्या वांट्यास हा शब्द यावयास रॉयल ॲकॅडमीपासून अडीचशें वर्षें गेलीं.

दशावतारी नटाचें पाहा. तो हातीं लिहिलेली संहिता न घेतां रात्रभर संवाद तेथल्या तेथें रचतो. त्याच्या भूमिकेस 'राजपार्ट' किंवा 'स्त्रीपार्ट' म्हणतात, म्हणजे इंग्रजी त्याच्या तोंडींही आहेच. पण 'आर्टिस्ट' हा शब्द त्यानें आपणाहून घेतला नाहीं. वृद्धापकाळीं शासनाच्या मानधनासाठीं तो अर्ज करतो, तेव्हां आपण कलावंत आहों याचा पुरावा त्यास द्यावा लागतो. ज्याची हयात देवळासमोरच्या मांडवांत गेली, त्याचा पुरावा पाहणारांच्या आठवणींत असतो, कागदावर नसतो. शब्दाच्या अर्थाचा वाद येथें पंडितांचा राहत नाहीं. तो एका म्हाताऱ्या माणसाच्या औषधपाण्यापर्यंत जाऊन पोंचतो.

आशेस जागा नाहीं असें मात्र नाहीं. कणकवलींत ज्या प्रतिष्ठानानें नाटक व संगीत यांची गोडी लावली, तें वसंतराव आचरेकर यांच्या नांवाचें आहे. कुमार गंधर्वांची साथ करणारे हे तबलावादक. ज्यास एके काळीं 'तबलजी' म्हणून मैफलींत मागें बसवीत, त्याच्या नांवानें गांव आपली संस्था उभारतें, हा फरक लहान नव्हे. इकडे 'आर्टिस्ट' हा शब्दही आपलें सोंवळें सोडूं लागला आहे. लग्नघरीं मेंदी काढणारी मुलगी मेहंदी आर्टिस्ट झाली, नवरीस नटविणारी मेकअप आर्टिस्ट झाली, आणि चित्रपटाच्या गर्दींत उभा राहणारा 'एक्स्ट्रा' आतां ज्युनिअर आर्टिस्ट म्हणवितो. शब्द स्वस्त झाला, असें म्हणून कित्येक सुशिक्षित नाकें मुरडतात. मला तसें वाटत नाहीं. ज्याच्या अंगीं कौशल्य तो आर्टिस्ट, हा या शब्दाचा मूळचाच अर्थ. अडीचशें वर्षांच्या कुलीनपणानंतर तो माहेरीं परततो आहे, इतकेंच.

मात्र नुसतें नांव बदलून भागत नाहीं, हें कलावंतीण आणि मेस्त्री या दोन शब्दांच्या इतिहासावरून समजून घेतलें पाहिजे. पहिलीस नव्या नांवाबरोबर मंच मिळाला, मोबदला मिळाला, आणि आपल्या नांवानें ओळखलें जाणें मिळालें. म्हणून तिचा डाग पुसला गेला. दुसऱ्यास या तिहींपैकीं काय मिळालें, हें ज्यानें त्यानें आपल्या घरांतला देव्हारा, दारावरची नक्षी किंवा भिंतीवरचें गंजिफाचें पान पाहून स्वतःस विचारावें. तें कोणी केलें, त्याचें नांव आपणांस सांगतां येतें काय? येत नसेल, तर त्यास कारागीर म्हणा कीं आर्टिस्ट म्हणा, आपलें देणें अद्याप फिटलेलें नाहीं.